वाटणी आधी, चहा नंतर

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गावात भावकीच्या वाटण्या करायचे. बांधावरून भाऊ-भाऊ भांडायला लागले की त्यांना बोलावणं यायचं. त्यांचा एक दंडक होता. निवाडा होईस्तोवर दोन्हीपैकी कुणाच्याच घरचा चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा ते घरूनच तांब्यात न्यायचे. लोक म्हणायचे, माणूस लई ताठ. असेल ताठ. पण त्यांनी घालून दिलेला बांध पुन्हा कुणी कोरला नाही.

तेच अण्णा आता गारखेड्यात माझ्याकडं असतात. मला कधी बहीण समजतात, कधी शेजारीण. पोटच्या लेकीचं नाव त्यांना आठवत नाही आणि मला त्याचं लई वाईट वाटतं, उगाच कशाला शूरपणा दाखवू?

म्हणून अण्णांना तपासणारे डॉक्टर म्हणाले, "नव्या औषधाची चाचणी चालू आहे, यांना घेऊ. सगळं मोफत," तेव्हा धाकट्या भावाला हायसं वाटलं. मलाही वाटलं. पण त्याच आठवड्यात या विसरण्याच्या आजारावर एक शिबिर झालं. तिथं औषध कंपनीचा माणूस आमच्याच डॉक्टरांकडं हात करून माइकवर मोठ्या कौतुकानं म्हणाला, हे डॉक्टर आमचे सल्लागार, आमच्या कंपनीत त्यांचे शेअरही आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कंपनीनं वाटलेली पाण्याची बाटली तशीच खुर्चीखाली ठेवून दिली.

संमतीपत्रावर सही करायच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मी सरळच विचारलं, "डॉक्टर, गुण आला का नाही, हे ठरवणार कोण?"

"मीच तपासणार."

"आणि गुण आला म्हटलं की तुमचे शेअर वर जाणार."

ते हसले. "ताई, असं सगळीकडंच असतं. नियमात बसतं."

"बसत असेल. पण आम्हाला आधी का नाय सांगितलं? तपासणी दुसऱ्या डॉक्टरला करू द्या, ज्यांचा कंपनीत काहीच वाटा नाही. आत्ता सही करते."

"तसं जमणार नाही."

भाऊ कळवळून म्हणाला, "अक्का, हातातलं औषध घालवू नको."

औषध खरंच चांगलं निघालं तर? हा प्रश्न मला आजही कुरतडतो. कुरतडू दे. भाऊ अजून धड बोलत नाही, नातेवाईक मला आगाऊ म्हणतात. म्हणोत. माझा बाप इतका स्वस्त नाही, की त्याच्या डोक्यात काय उरलंय हे त्यात नफा असलेल्या माणसानं सांगावं आणि मी मान डोलवावी.

त्या दिवशी वातावरण निवळावं म्हणून डॉक्टरांनी चहा मागवला. अण्णांनी आपला कप हाताच्या पाठीनं हळूच बाजूला सरकवला.

"अण्णा, घ्या ना," भाऊ म्हणाला.

"वाटणी झाली का?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. भावानं मान खाली घातली.

"नाय झाली, अण्णा," मी म्हटलं.

"मग उठा."

टेबलाला धरून ते स्वतःच उभे राहिले आणि टोपी नीट केली. मी पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्या मागं निघाले. दारात थांबून त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

"तुम्ही कुणाकडून आलात?"

"तुमच्याकडून, अण्णा."