वाऱ्याविना फिरलेल्या पवनचक्क्या

टाक्यांत वायू भरतो म्हणून त्याला सगळे फुग्या म्हणत, बायकोसुद्धा. टेकडीवरच्या पवनचक्क्यांची जास्तीची वीज घेऊन पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि साठवायचा, हे त्याचं काम. शेजारच्या शेडमध्ये त्याची थोरली बहीण तीच वीज बॅटऱ्यांत भरायची. दोघं एकाच डब्यातून जेवत आणि जेवताना भांडत. ताईचं म्हणणं, हा दहा वाटे वीज घेतो आणि जेमतेम चार परत देतो, बाकी सगळं पाण्यात. त्यावर फुग्या म्हणायचा, "तुझ्या बॅटऱ्यांचं हातावर पोट. सकाळी भरलं, रात्री खल्लास. वारा महिनाभर रुसला तर?"

आणि वारा खरोखरच रुसला. पान हलेना. नेमके तेव्हाच वरून पाहुणे येणार होते, दोनपैकी कुठली शेड ठेवायची ते ठरवायला. उभ्या चक्क्या बघून प्रकल्पाच्या साहेबांना घाम फुटला. साठवलेली वीज उलटी सोडा आणि चक्क्या फिरवा, असा त्यांनी हुकूम केला.

फुग्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, वाऱ्याचीच वीज खर्चून, वारा नसताना चक्क्या फिरवायच्या?"

"मग पाहुण्यांना काय खांब दाखवू?" साहेब म्हणाले.

पाहुणे आले. ताईच्या बॅटऱ्यांवर चक्क्या डौलात फिरू लागल्या. एका वयस्कर पाहुण्याने टोपी उडू नये म्हणून ती हाताने दाबून धरली. साहेबांनीही धूळ गेल्यासारखा डोळ्याला रुमाल लावला. चहा लांबला, बॅटऱ्या तळाला गेल्या, पाती मंदावली. फुग्या टाक्यांकडे धावला. पण वायूची वीज करणारं त्याचं यंत्र सुरू व्हायलाच आधी थोडी वीज लागायची. तो ताईसमोर जाऊन उभा राहिला. तिने एक बॅटरी जोडून दिली.

"तुझ्यासाठीच बाजूला ठेवली होती," एवढंच म्हणाली.

चक्क्या पुन्हा फिरल्या, आणि हिवाळ्यापासून जपलेला हायड्रोजन असा उधळला जाताना फुग्या टाकीवरचा उतरता काटा बघत राहिला.

पाहुणे मात्र खूश. इथे एवढा वारा असताना साठवायचं कशाला, म्हणत त्यांनी दोन्ही शेडना कुलूप लावायला सांगितलं. बहीणभाऊ वाऱ्यावर पडले, आणि वाराही नव्हता.

संध्याकाळी अख्खं गाव अंधारात बुडालं. साहेब टॉर्च घेऊन फुग्याच्या घरी आले. ताईने खुर्ची दिली. साहेब अवघडून बसले आणि काहीतरी करा म्हणाले. टाक्या रिकाम्या, बॅटऱ्या रिकाम्या, करण्यासारखं काही नव्हतंच.

"मग पाहुण्यांना कळवू तरी काय?"

फुग्याने विचार केला. "कळवा, की वारा तुमच्या मागोमाग गेला."

साहेबांनी तसंच कळवलं, आणि पाहुण्यांना ते पटलंही. आठवड्याभरात कुलपं निघाली. वारा मात्र आणखी बरेच दिवस फिरकला नाही. तोवर दोघं रिकाम्या टाक्यांच्या सावलीत पत्ते खेळत बसली. ताई सारखी जिंकायची, आणि फुग्या बिनदिक्कत पुढचा डाव वाटायला घ्यायचा.