बेकारीच्या आधीचा शब्द

ओल्या छत्रीचा वास आला की हॅम्बर्गमधलं ते रोजगार कार्यालय आठवतं. कंपनीने नोकरीवरून कमी केलं, म्हणून बेकारभत्त्यासाठी नाव नोंदवायला गेले होते. बाहेर पाऊस, आत खुर्च्यांवर वाळत टाकलेली जाकिटं. टेबलामागच्या बाईंना मी घोकून आणलेलं सांगितलं, "मी आर्बाइट्सलोस आहे." म्हणजे बेकार. "नाइन, नाही," माझं नोटिशीचं पत्र बघून त्या हसल्या, "नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे ना? तोवर तुम्ही आर्बाइटझूखेंड." म्हणजे काम शोधणारी. संध्याकाळी पुण्याहून सासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, बेकार झालीस म्हणे?" "नाही हो बाबा, शोधतेय," मी ठसक्यात म्हटलं. आता ओळखीत कुणाची नोकरी गेली, की मी चहा टाकते आणि आधी त्यांच्याकडून तो शब्द पाठ करून घेते.