डब्यातल्या कॅप्सूल

पुलाच्या तोंडाशी मामांचे पाय परत अडकले. दवाखान्यातून निघून दोघांनी बाजार ओलांडला होता, शाळेची लांबलचक भिंत मागे टाकली होती. आणि जिथे डांबर संपून पुलाचं काँक्रीट सुरू होतं, तिथे ते खिळे ठोकल्यासारखे उभे राहिले. भाचीने आपला पाय त्यांच्या बुटांपुढे आडवा ठेवला. मामांनी तो नीट पाहिला, ओलांडला आणि चालू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलेली युक्ती होती ती.

"लहानपणी माझ्या पायात पाय घालायचीस," मामा म्हणाले. "तेव्हा मी पडायचो. आता चालतो."

भाची हसली. हसू आलं नव्हतं, तरी हसली. तिने बसने जाऊ म्हटलं होतं, पण मामांना बसच्या पायरीची धास्ती. ते तसं म्हणायचे नाहीत. डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, म्हणायचे.

मामांचा सगळा जन्म एका औषधाच्या दुकानात गेला. दुकान मालकाचं, कात्री मामांची. गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असल्या की ते पट्टी अशी कापायचे, जणू आखणी करून कापली आहे. पट्टीची नाव-तारीख नसलेली टोकं उरायची, ती विकता यायची नाहीत. कुणी बरं वाटलं म्हणून अर्धवट राहिलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणून द्यायचं. मालक म्हणायचा, फेकून दे. पण पानातलं अन्न टाकू नये, या वळणात वाढलेल्या माणसाला औषध टाकवेना. ते घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. रंगावरून ओळखायचे. शिंक आली, घसा खवखवला, की डबा उघडायचा आणि एखादी गिळायची. रजा म्हणून कधी घेतली नाही, याचा केवढा तोरा होता त्यांना.

मग एक दिवस कात्री वाकडी गेली. कॅप्सूल मधोमध कापली गेली आणि पांढरी पूड काउंटरवर सांडली. मालकाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तपासणीत निघाला कंपवात, म्हणजे पार्किन्सन.

आज मामांनी डॉक्टरांना डब्याचं सांगितलं होतं. अँटिबायोटिक आणि कंपवाताबद्दल वर्तमानपत्रात काही वाचलं होतं त्यांनी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पोटातल्या चांगल्या जंतूंचा मेंदूशी संबंध असतो, आणि ही औषधं त्यांनाही मारतात," ते म्हणाले. "काही अभ्यासांत या आजाराशी नातं दिसलंय, काहींत नाही. तुमचा आजार त्यानेच झाला, असं मी म्हणणार नाही. नाही झाला, असंही म्हणणार नाही. गरज असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेली मात्र जरूर घ्यायची."

"म्हणजे कोर्ट उठलं आणि निकाल नाही," मामा म्हणाले होते.

पूल चढताना भाचीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात आणि आपलंच बोट लावलं तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. सवयीने ती मनात देवाचं नाव घेत राहिली. मागितलं काहीच नाही.

पुलाच्या मध्यावर मामा कठड्याला टेकले.

"तुझे टॉन्सिल आठवतात?"

"हो. थंडी पडली की सुजायचे."

"तुझी आई म्हणायची, भाऊ औषधाच्या दुकानात असताना आपल्याला डॉक्टर कशाला. तू कॅप्सूल गिळायची नाहीस. मी डब्यातली उघडून साखरेत कालवून द्यायचो."

"कडू लागायचं तरी," ती म्हणाली.

"चमचा चाटून पुसून ठेवायचीस." ते खालच्या पाण्याकडे बघत राहिले. "स्वतःचं मला विचारायचंच नव्हतं गं तिथे. माझं काय, झालं ते झालं. तुझंच विचारायला गेलो होतो. तोंडातून निघालं नाही."

मागून सायकलवाला घंटी वाजवत गेला. भाचीने आपले हात पाहिले. शाळेचे गणवेश शिवणारे हात. बोटाला सुईचे टोचे होते, बाकी काही नाही.

"मामा, पुढचं देवाला ठाऊक."

"त्याला ठाऊक आहेच. तो सांगत नाही." मग त्यांनी थरथरता हात तिच्या मनगटावर ठेवला. "डबा अजून फळीवर आहे. रविवारी येशील, तेव्हा माझ्यासमोर बस आणि त्यातली एक पट्टी काप. सरळ. खायची नाही, कुणाला द्यायची नाही, नुसती कापायची. कात्री वाकडी जाते का, ते मी बघतो. जमेल ना तुला, दर रविवारी?"