चौसष्ट बिनकामाचे देव

तक्रारमावशी हे काही तिचं बारशातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीमागे एकतीस वर्षं बसल्यावर उरलं ते हे. माणसं खिडकीशी येऊन नळ कोरडा असल्याचं सांगायची, ती लिहून घ्यायची आणि कागद वर पाठवायची. वर त्या कागदाचं काय व्हायचं, ते तिला कधी कळलं नाही, आणि पुढेपुढे तिने विचारायचंही सोडून दिलं. निवृत्त होताना साहेबापासून शिपायापर्यंत एकूणएक माणसाबद्दलची तुच्छता तेवढी ती जपून घरी घेऊन आली.

तिची भाची एका कंपनीत चित्रं काढायची. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक डुगडुगणारं टेबल. तिथे एक खेळ तयार होत होता. टेबलाभोवती पाच-सहा जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, चोर, वैद्य अशी सोंगं घ्यायची, आणि पुढे काय घडतं ते बोलून आणि फासे टाकून ठरवायचं. त्यासाठी एक अख्खं खोटं जग लागतं आणि त्या जगाला देव लागतात. हे देव मालकाने स्वतः घडवले होते. तिशीतला माणूस, पण कार्डावर 'विश्वनिर्माता' असं छापून घेतलेलं. शुद्धलेखनात मात्र विश्वनिर्मात्याचा सगळा आनंदच होता, म्हणून भाचीने मावशीला नेलं.

मावशीने दोन दिवसांत सगळं वाचून काढलं. देव एकंदर चौसष्ट. प्रत्येकाला एक शस्त्र, एक रंग, एक पर्वत आणि एक प्रेमभंग. वादळाचे तीन, सुडाचे चार, आणि एक शाश्वत संधिप्रकाशाचा. या शेवटच्याला आठ पानं दिली होती, त्यातलं दीड पान नुसत्या केसांवर.

"हा करतो काय?" तिने विचारलं.

"तो संधिप्रकाशाचं प्रतीक आहे," विश्वनिर्माता म्हणाला.

"ते कळलं. माणसं त्याच्याकडे जातात कशाला?"

तो लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. "मावशी, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

तिने ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. जिना उतरताना मात्र भाचीला म्हणाली, की चौसष्ट साहेब आणि कारकून एकही नाही, असलं खातं चालतं कसं ते तिला चांगलं ठाऊक आहे. असले देव तिने तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसलेले पाहिलेत. केसही तसेच विंचरलेले.

महिन्याभराने एका रविवारी खेळाची चाचणी ठेवली. बाहेरून पाच जण खेळायला बोलावले. त्यांतली एक इस्पितळातली नर्स होती, तिने योद्ध्याचं सोंग घेतलं. गोष्ट सांगायला विश्वनिर्माता स्वतः बसला. मावशी लाल पेन घेऊन कोपऱ्यात. गोष्टीत एका गावाच्या विहिरी आटल्या आणि खेळणाऱ्यांनी देवाला साकडं घालायचं ठरवलं. नर्सने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि यातल्या कोणाकडे जायचं, असं विचारलं. विश्वनिर्मात्याने बरीच पानं उलटून वादळाचा दुसरा देव सुचवला. पण तो फक्त आपल्या पर्वतावर बोलायचा आणि पर्वत बारा दिवसांच्या वाटेवर होता. मग गाव सोडून द्यावं का, यावर खल सुरू झाला. तास गेला. एकाला जांभई आली.

"बारा दिवस चालायला पाय असते, तर गावातल्या बाईने नदीवरूनच पाणी आणलं नसतं का?" मावशी स्वतःशीच पुटपुटली, पण खोली लहान होती. सगळे हसले.

नर्सने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मग तुम्ही सांगा, कोणाकडे जाऊ?"

"आहे एक. देवळाच्या मागच्या दाराशी बसते. शस्त्र नाही, वाहन नाही. नुसती ऐकते."

"मग मी तिच्याकडेच आले," नर्स म्हणाली आणि खरोखरच उठून मावशीपुढे येऊन उभी राहिली. विश्वनिर्माता काहीतरी नियम सांगू लागला, पण त्याला बाकीच्यांनीच गप्प बसवलं.

मावशीने नाव विचारलं, गाव विचारलं, किती दिवस झाले ते विचारलं. नर्सने सांगितलं: अकरा दिवस झाले, आमच्या आळीत दोन पोरं गेली, तिसरं डोळे उघडत नाही. हे सगळं तिने तिथल्या तिथे रचलं होतं, पण ते सांगायची तिची रीत रचलेली नव्हती. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिच्या तोंडून सरावाने निघून गेलं,

"लिहून घेतलंय. उद्या या."

नर्स चिडली नाही. "उद्या कशाला?" तिने विचारलं. "देव तर तुम्हीच आहात ना?"

एकतीस वर्षं तिच्यापाशी एकच उत्तर होतं: पाणी काय माझ्या हातात आहे? ते खरंही होतं. त्याच जोरावर तिने वरच्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आज वर कोणी नव्हतं. नुसतं 'दिलं' म्हणायचा अवकाश, की विहिरी भरणार होत्या, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबासारखी उद्या या म्हणाली होती. तेही कोणी न सांगता.

"दिलं," ती खेकसली. "जा, भरून घ्या." आणि पेन ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिली.

पाचही जणांनी अभिप्रायात फक्त मागच्या दाराच्या देवीबद्दल लिहिलं. तीन दिवसांनी विश्वनिर्मात्याला तिचा साक्षात्कार झाला. तिला सहा हात आले, रुपेरी केस आले, एक प्रेमभंगही आला. मावशीने तो कागद वाचला, उभा फाडला आणि बाकीचे चौसष्ट पुढ्यात ओढले. प्रत्येक देवाला तिचे दोनच प्रश्न: तुझ्याकडे कोण येतं, आणि देता आलं नाही तर तू काय सांगतोस? उत्तर नसेल त्याच्यावर लाल रेघ. विश्वनिर्माता आधी हसला, मग भांडला, आणि सुडाचा तिसरा देव गेला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. दोन महिन्यांत नऊ देव उरले. देवीच्या नावापुढे मावशीने एक नियम स्वतःच्या हाताने लिहिला: हिला कोणी हाक मारली, तर गोष्ट सांगणाऱ्याने हो किंवा नाही तिथल्या तिथे सांगायचं. उद्या म्हणायचं नाही.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर संधिप्रकाशाचा देव, कारण त्याच्या बाबतीत मालक शेवटपर्यंत हटला नव्हता. 'देवतामंडळाचा निर्माता' म्हणून मालकाचं नाव ठसठशीत, आणि शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'शुद्धलेखन साहाय्य' म्हणून मावशीचं. भाची भांडायला निघाली.

"बस खाली," मावशी म्हणाली. "तो केसाळ वर बसलाय. त्याच्या शेजारी माझं नाव लावून माझी शोभा करून घेऊ का?"

नर्सने पुढे आपल्या मैत्रिणींचा गट जमवला आणि मावशीला बोलावलं. मावशी म्हणाली, रिकामटेकड्यांचे धंदे आहेत. पण ती गेली. देवी म्हणून बोलायला मात्र तिने साफ नकार दिला. तिने चोराचं सोंग घेतलं, आणि पहिल्याच डावात फासा लबाडीने पालथा करताना पकडली गेली.