आमच्या घरची नवी पन्हाळ

"पोरगी कामाची हाय, पन मुकी तं नाही दिली ना वो आपल्याले?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला हे विचारत होत्या तेव्हा मी कुडापलीकडे दळत होते. मूठभर दाणे घालायला जातं थांबलं होतं, तेवढ्यात हे ऐकू आलं. लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. मी पुन्हा जातं फिरवलं आणि मनाशी म्हटलं, मुकी तर मुकी. न बोलणाऱ्या माणसासमोर सगळे मोकळे बोलतात. घरातले किस्से माझ्याजवळ साचत गेले ते असे. त्यातले बरेचसे पन्हाळीचे.

*

मी धनजहून किन्हीराजाला आले त्याच महिन्यात घराला पन्हाळ बसली. जुनं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर आणि नवं टिनाचं छप्पर यांच्या सांध्यात, दोन्हीकडचं पाणी बाहेर न्यायला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, कारंजाच्या जिनिंगवर तशी पाहिली होती. शेजारच्या करीमचाचांनी घासलेटचे डबे कापून, कथलाचा डाग देऊन, सांधून ती घडवली.

पाव्हणे मला पाहायला येत. मामंजी त्यांना आधी अंगणात उभं करून पन्हाळ दाखवत.

शेलूबाजारचे मामा, म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, आले. पन्हाळ पाहून झाली, मला पाहून झालं. जाताना आत्याबाईंनी विचारलं, "कशी वाटली सून?"

मामांची मान अजून वरच होती. म्हणाले, "जोड कुठीच दिसत नाही."

*

पावसाला चार महिने होते. मामंजींना तेवढा धीर कुठला! मामा पुढच्या खेपेला आले तेव्हा मामंजींनी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाण्याची बादली घेऊन शिडीवर चढवलं. पाणी नीट येतं का हे पाहायला मामा पन्हाळीच्या तोंडाखाली जाऊन उभे राहिले.

सबंध बादली अंगावर घेऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि सांगितलं, "येते."

"मंग, मी काय सांगतलं होतं?" मामंजी म्हणाले.

*

फाल्गुनात एका दुपारी गारा आल्या. बोराएवढ्या. गारा थांबाव्यात म्हणून आमच्याकडे लोखंडाची वस्तू अंगणात फेकतात. आत्याबाईंनी चुलीवरचा तवा घेतला, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन भिरकावला.

डोळे मिटलेले, त्यामुळे तवा कुठे गेला ते त्यांना दिसलं नाही. मी दारात होते. तवा छपराकडे गेला.

थोड्या वेळानं गारा थांबल्या. "पाहा," आत्याबाई म्हणाल्या. मग तवा शोधला. अंगणात नव्हता.

"धरतीनं घेतला," त्यांनी निकाल दिला. सासूचा नेम चुकला हे नव्या सुनेनं कोणत्या तोंडानं सांगावं?

*

पन्हाळ गारांनी काठोकाठ भरली होती. ऊन निघालं, पाणी सुटू लागलं, पण ते पुढे वाहीना. मागे तुंबून कवेलूंखालून आतल्या खोलीत गळायला लागलं. त्या खोलीत कणगी होती, आणि कणगीत पुढच्या पेरणीचं ज्वारीचं बियाणं.

मामंजींनी यांना वर चढवलं. "काय दिसते?"

"सगळं पांढरं हाय."

"पांढरं मले खालूनबी दिसते."

यांनी ओंजळीनं गारा उपसल्या. बोटं बधिर झाली तशी खाली उतरले. आत्याबाईंनी उकळतं पाणी वर पाठवलं. ते ओतलं, आणि मामंजींनी खोलीतून कळवलं, "आता गरम पानी गळून राह्यलं."

*

मग मामंजींनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि करीमचाचांना हाक मारली. "करीम, तुयं काम कच्चं हाय. उखडून फेकतो."

चाचांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. "उखडा, पाटील. पन मंग या गावात मले कोनी साधा डबाबी सांधाले देनार नाही. पानी कुठी अडलं ते तं पाहू द्या."

"त्यात पाहाचं काय?" मामंजींनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आत कणगीवर टपटप चालूच होती. मी पदर सारखा केला आणि दाराबाहेर आले.

"मामंजी, उखडू नका. तोंडाशी पाहा. आत्याबाईंचा तवा अडकला असन."

सगळे पन्हाळीकडे न पाहता माझ्याकडे पाहायला लागले. हे खुरपं घेऊन वर गेले. गारांखालून त्यांनी तवा ओढला, आणि अडलेलं सगळं पाणी धो धो अंगणात आलं. या खेपेला खाली कोणी उभं नव्हतं. कणगीत वरचं वीतभर बियाणं भिजलं होतं, ते उन्हात पसरलं. चाचांनी तव्याकडे पाहिलंही नाही. ते वर चढून आपल्या जोडांवरून बोट फिरवत राहिले. मामंजींनी सब्बल भिंतीला टेकवली आणि चाचा उतरल्यावर पानाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

आत्याबाई हातातला तवा उलटासुलटा करत माझ्याजवळ आल्या. "तुले दिसलं होतं, तं आंदी काहून नाही सांगतलं वो?"

"तुमीच म्हनल्या होत्या ना, सून मुकी हाय म्हनून. म्हटलं, तुमचं बोलनं खोटं कायले पाडू?"