चावडीवर नेलेली मतपेटी

मतपेटी जागची हलवायची नसते हे किओकोबाईंना ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये. गेल्या सहा निवडणुकांत दोलेनपार केंद्राच्या प्रमुख त्याच होत्या आणि दर वेळी नव्या कारकुनांना दम भरायच्या, "पेटीला हात लावलात तर हात शाळेतच ठेवून घरी जाल." तरीही गव्हर्नरच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीला, सकाळी दहा चाळीसला, बाईंनी ती पेटी स्वतः उचलली आणि शाळेसमोरच्या चावडीवर नेली. अंतर चाळीस पावलं. त्यात पाऊस.

कारणही तसंच होतं. गावचे थोरले मानकरी मतदानाला आले होते. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. पुतण्याने गाडीच्या हौद्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवून त्यांना आणलं आणि चावडीवर त्यांच्या नेहमीच्या जागी टेकवलं. त्यासरशी शाळेच्या पडवीतली अख्खी रांग गपकन खाली बसली. थोरले समोर बसलेले असताना त्यांच्याहून उंच कोण राहणार? पण मतपत्रिकेवर खूण करायची ती उभ्यानं, आडोशामागे. ज्यांच्या हातात मतपत्रिका होत्या ते त्या छातीशी धरून उकिडवे बसून राहिले. वीस मिनिटं झाली तरी दोलेनपारात एकही मत पडलं नाही.

पुतण्या वाकत वाकत आला. "बाई, थोरले म्हणतात, सावकाश होऊ द्या. त्यांना घाई नाही."

याचा अर्थ काय, ते आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. थोरले कधीही 'इकडे आणा' म्हणत नाहीत. न म्हणण्यातच त्यांचं वजन असतं.

बाईंनी पेटी उचलली. विरोधी उमेदवार वेल्सिनचा देखरेखीचा माणूस पेर्नार, हा याच गावचा जावई. तो छत्री घेऊन मागे धावला. "थांबा बाई, भिजेल ना ती!" संपूर्ण चाळीस पावलं त्याने छत्री पेटीवर धरली, बाई भिजल्या तरी चालेल अशा बेताने. थोरल्यांनी मत टाकलं, पेटी परत आली, लोक उठले, गुडघे चोळत रांगेत उभे राहिले.

इथवर एक चूक झाली. दुसरी चूक बाईंनी खुर्चीत बसून, चष्मा लावून, सुवाच्य अक्षरात केली. केंद्राच्या वहीत त्यांनी लिहिलं: 'पेटी १०.४० ला चावडीवर नेली. ११.०५ ला परत आणली. कुलूप व शिक्का शाबूत.' चौतीस वर्षं मुलांना शिकवलं होतं, जे घडलं ते वेळेसकट लिहावं. सवय ही गोष्ट वाईटच.

बाईंना या निवडणुकीत एकच गोष्ट हवी होती. दाकिओ गव्हर्नर व्हायला हवा होता. दाकिओ त्यांचा विद्यार्थी. पावसात भाताचा डबा डोक्यावर धरून डोंगर उतरून यायचा. बाईंनीच त्याला गावातून बाहेर काढलं, बेटावरच्या मोठ्या शाळेत घातलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आता तो सेहेचाळीस वर्षांचा, राजधानीत, कोलोनियात घर असलेला, पोट सुटलेला माणूस होता, पण बाईंच्या लेखी अजून तिसरीतला. त्याने गावात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मी निवडून आलो की पहिल्या वर्षात दोलेनपारचा दवाखाना उघडतो." दवाखाना नऊ वर्षं बंद होता. त्याच्या खाटांवर आता कोंबड्या अंडी घालत.

संध्याकाळी मोजणी झाली. दोनशे एकतीस मतं. दाकिओला एकशे अठ्ठ्याण्णव, वेल्सिनला बत्तीस. राहिलेली एक मतपत्रिका चार घड्या घातलेली आणि साफ कोरी निघाली. पेर्नारने ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"ही कोणाची म्हणायची?" तो म्हणाला.

दोलेनपारात कागदाला इतक्या काटेकोर चार घड्या घालणारा माणूस एकच होता. ज्या मतासाठी पेटी चाळीस पावलं चालली, ते मत कुणालाच नव्हतं. थोरल्यांनी कुणाचा पक्ष घ्यायचा नसतो, हे खरंच. पण मग त्यासाठी एवढं भिजायचं कशाला, असं बाईंच्या मनात आलं आणि मनात आल्याबद्दल त्यांनी स्वतःला दटावलं.

पुढचे तीन दिवस गाव रेडिओभोवती बसलं. दूरच्या बेटांची मतं आली, गुआम आणि हवाईत नोकरीला गेलेल्यांची आली. चौथ्या दिवशी दुपारी रेडिओने आकडा सांगितला. दाकिओ एकशे चार मतांनी पुढे. गावाने त्या दुपारी तीन डुकरं मारली. बहुतेक घरांनी आपापल्या परसातलं सकाऊचं मोठं झाड मुळासकट उपटून आणलं. सकाऊ म्हणजे ज्याची मुळं दगडावर कुटून, सालीत पिळून, मानाचा पेला भरतात ते. बाईंच्या नवऱ्याने, ओलिपरने, आपलं सर्वांत जुनं झाड आणलं. "जपून कशासाठी ठेवायचं?" तो म्हणाला. "यापेक्षा मोठा दिवस आपल्या आयुष्यात यायचा नाही." हे मात्र त्याचं खरं ठरलं.

आठव्या दिवशी वेल्सिनच्या बाजूची तक्रार दाखल झाली. दोलेनपारची पेटी मतदान चालू असताना केंद्राबाहेर नेण्यात आली, सबब सगळी मतं बाद धरावीत. खाली साक्षीदार म्हणून सही: पेर्नार.

बाई तडक त्याच्या घरी गेल्या. तो जाळं विणत बसला होता. उठला नाही.

"छत्री कोणी धरली होती रे?"

"मीच धरली होती बाई. म्हणून तर साक्षीदार झालो. मी नसतो तर म्हणाले असते, याने पाहिलं कुठून?"

"लाज वाटत नाही?"

"वाटते. पण माझ्या मेहुण्याला वेल्सिनकडे बंदरावर नोकरी आहे. लाज दोघांनाही वाटते, पण पगार एकालाच मिळतो."

सुनावणी कोलोनियात झाली. आदल्या दिवशी दाकिओचा वकील घरी येऊन गेला. तरुण, गोड बोलणारा. चहा पिता पिता म्हणाला, "बाई, पेटी शाळेतच होती आणि फक्त एक मतपत्रिका चावडीवर नेली, असं झालं असेल ना? गर्दीत, पावसात, लिहिताना चूक होते. वही तशी जुनीच आहे. पानं ओली होतात, सुटतात."

तो गेल्यावर ओलिपर म्हणाला, "अगं किओको, एक पान. या बेटावर पावसाने काय काय वाहून नेलंय. एक पान नेलं तर पावसाला कोण विचारणार?"

"अहो, पावसाला नाही विचारणार. मला विचारणार."

"मग तू सांग, पाऊस होता. ते तर खरंच आहे."

बाईंनी वही पिशवीत घातली, पिशवी उशाशी घेतली.

सुनावणीला बसलेला अधिकारी पन्नाशीचा, आमच्याच बेटावरचा. त्याने वही वाचली, पुन्हा वाचली, मग बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच त्याला गोत्यात आणलं होतं.

"बाई, हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"पेटी कोणी नेली?"

"मी."

"न्या, असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"थोरल्यांनी?"

"थोरले काही बोलले नाहीत."

अधिकाऱ्याने वही मिटली. "बाई, माझा मामाही मानकरी आहे. तो आला की मीसुद्धा खाली बसतो. पण कायद्याला मामा नसतो."

"मग त्या वीस मिनिटांत मी काय करायला हवं होतं, ते सांगा. लोकांना उभं राहा म्हणायचं होतं?"

त्याने निकालाचा कागद पुढे ओढला. दोलेनपारची दोनशे एकतीस मतं बाद. एकशे चारची आघाडी गेली आणि दाकिओ बासष्ट मतांनी पडला.

गावात बाईंना कुणी तोंडावर बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. फक्त दुकानात शिरल्या की बोलणं थांबायचं आणि माशाचे डबे पाहण्यात सगळे एकदम गढून जायचे. एकदा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बाईंचं अक्षर सुरेख. दवाखान्याच्या दारावर पाटी लिहायला बोलवायला हवं." दुसरं म्हणालं, "कोंबड्यांना वाचता येतं का पण?" थोरल्यांकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, पेर्नारला चार मेहुणे होते, म्हणून बोटं बाईंकडे वळली. थोरल्यांनी तर महिन्याभरात नव्या गव्हर्नरला आपल्या हाताने एक मान बहाल केला, आणि त्या समारंभासाठी प्रत्येक घराने एक सुरण आणावा असा निरोप बाईंच्या घरीही आला. त्यांनी सुरण पाठवला. मोठा पाठवला.

पण गावाचं एक वेळ सोडा. बाईंना झोप येत नव्हती ती दाकिओपायी. डब्याखाली भिजत येणारं ते पोर त्यांनी घडवलं होतं आणि त्यांनीच बुडवलं, हे डोक्यातून जाईना.

यावर आमच्याकडे एक उपाय आहे. ज्याचं आपण वाईट केलं, त्याच्या दारी सकाऊचं झाड घेऊन जायचं, कुटून पहिला पेला त्याच्यापुढे धरायचा. कितीही राग असो, त्याने पेला घ्यायचा, प्यायचा आणि मनातलं सोडून द्यायचं. पेला नाकारता येत नाही. खून झालेल्या घरानेही घेतलेला आहे.

अडचण एवढीच की घरचं मोठं झाड विजयाच्या दिवशी खर्ची पडलं होतं. परसात उरली होती ती वीतभर रोपं. बाईंनी मावसबहिणीकडे, सेर्लीनकडे, शब्द टाकला.

सेर्लीन झाडाकडे बघत राहिली. माणसापेक्षा उंच, मुळांचा घेर दोन हातांत न मावणारा. "पोराला मान मिळेल त्या दिवसासाठी ठेवलं होतं गं."

"परत देते. असंच."

"असंच व्हायला किती वर्षं लागतील, मोजलंस का?" असं म्हणत तिनेच कुदळ आणून दिली.

ओलिपर आणि दोन पुतण्यांनी झाड खांद्यावर घेतलं. कोलोनियात दाकिओच्या अंगणात गाडी उभी होती, गव्हर्नरच्या कचेरीची पाटी लावलेली. बाईंना वाटलं, इथेही काही चौकशी निघाली. दाकिओ स्वतः पायऱ्या उतरून आला, झाड पाहिलं आणि दचकला.

"बाई! हे कशाला?"

"कशाला ते तुला ठाऊक आहे. बस."

मुळं कुटली, पिळली. बाईंनी करवंटी पुढे धरली. ठरवून आणलेली सगळी वाक्यं विसरल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझं आयुष्य गेलं रे."

दाकिओने डोळे मिटून पेला घेतला, रीतीप्रमाणे प्याला, ओठ पुसले. मग जरा ओशाळून म्हणाला, "अहो बाई, आयुष्य कुठे गेलं? उलट... तुमच्या कानावर नाही आलं का? वेल्सिनने मला बांधकाम खात्याचा प्रमुख केलंय. पहिल्या तारखेपासून. ही गाडी त्याचीच. म्हणजे, माझीच."

बाईंना काही क्षण कळेचना. "निकाल लागला त्याच्यानंतर?"

"बोलणं तर पहिल्या फेरीनंतरच झालं होतं. जो पडेल त्याला हे खातं. राजकारणात असं ठेवावंच लागतं बाई. भांडून चालत नाही. बेट लहान आहे."

"मग वकील कशाला पाठवलास माझ्याकडे?"

"पडण्यापेक्षा निवडून येणं बरंच ना!" तो हसला. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नव्हतंच, बाई. तुम्ही उगाच एवढं झाड..."

"आणि दवाखाना?"

"ते आरोग्य खातं. माझ्याकडे नाही येत. बघू, बोलतो मी वेल्सिनशी."

त्याने पेला पुन्हा भरून बाईंपुढे धरला. तो नाकारता येत नाही. बाई डोळे मिटून प्यायल्या. सेर्लीनचं झाड जुनं, सकाऊ दाट उतरला होता. जीभ लगेच बधिर झाली, आणि ते बरंच झालं.

परतताना गाडीत ओलिपरने हातावरचा मुळांचा चिखल खरवडला. मग म्हणाला, "निदान माफी तर मिळाली."

"कसली?" बाई म्हणाल्या. "ज्याला काही लागलंच नव्हतं त्याची?"

घरी पोचल्यावर, हातपाय धुवायच्या आत त्यांनी परसातलं त्यातल्या त्यात बरं रोप उपटलं आणि सेर्लीनच्या कुंपणापाशी, खड्डा अजून ओला होता तिथेच लावलं. सेर्लीन दारातून पाहत होती.

"घेतला का पेला त्याने?"

"घेतला."

"मग झालं तर." सेर्लीन जवळ आली, रोपाकडे वाकून पाहिलं. ते तिच्या घोट्याएवढं होतं. "हे माझं झाड का?"

"हे नाही," किओकोबाई म्हणाल्या. "तुझं झाड अजून माझ्याकडून द्यायचं राहिलंय."