मोकळा सोडलेला गोल

कावाला बंदरातल्या क्लबचा गोलरक्षक आनेस्तिस. वरच्या विभागात जायला त्या दिवशी बरोबरीही पुरली असती. शेवटच्या मिनिटांत दोन डोकी आपटली आणि समोरच्या, द्रामा गावच्या संघातला प्रोद्रोमोस गोलसमोर कोसळला. पंचांची नजर चेंडूवर होती. आनेस्तिसला मात्र त्या पोराचा निळा पडत चाललेला चेहरा दिसला. त्यानं गोल सोडून धाव घेतली, त्याला कुशीवर वळवलं, जबडा वर धरला. पोरानं श्वास घेतला, तोवर चेंडू रिकाम्या जाळीत गेला होता.

दुसऱ्या दिवशी कॉफीवाला पांताझिस म्हणाला, "डॉक्टरकीच करायची होती, तर हातमोजे कशाला घातलेस रे?"

"काका, पोरगं मरत होतं."

"आणि तो गोल?"

"तो मी पाहिलाच नाही."

पांताझिस कपभर कॉफी त्याच्यापुढे ठेवून आत गेला.

पुढच्या हंगामात सामना द्रामात झाला. आनेस्तिस मैदानात उतरला, तशी समोरच्यांची सगळी गॅलरी टाळ्या वाजवत उभी राहिली. तो ओशाळून मान खाली घालून गोलकडे चालत गेला. सामना बघायला आलेला पांताझिस मात्र शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगत होता, "आमच्या गल्लीतला आहे तो."